शनिवारची खुर्ची

“पिवळी गोळी जेवणाआधी, पांढरी जेवणानंतर. आणि उलटी होतेय असं वाटलं की लगेच डेकवर जायचं,” जोलीनने तिसऱ्यांदा सांगितलं.

“बरं बाई,” वर्ना म्हणाली. तिने आपला स्वेटर केबिनच्या दारावर अडकवला, नेमका नावाच्या चिठ्ठीवर.

जहाज सुटायला वीस मिनिटं होती. सान पेद्रोच्या धक्क्यावर बँड वाजत होता. जहाजाच्या बोळातून पोचवायला आलेले लोक शॅम्पेनचे ग्लास घेऊन फिरत होते आणि निम्मे जण जहाजावरच्या प्रेमकथांच्या त्या टीव्ही मालिकेचं गाणं गुणगुणत होते. शेजारच्या केबिनमधल्या आयोवाच्या आजोबांनी तर केबिनची देखभाल करणाऱ्या कारभाऱ्यालाच गाठलं होतं.

“तो बारवाला कुठाय हो? टीव्हीतला?”

“तो टीव्हीतच असतो, साहेब. इथे मी आहे.” कारभारी हसत हसत जोलीनकडे वळला. “चार वर्षांपूर्वी इथे नुसती काठी टेकत येणारी श्रीमंत मंडळी असायची. आता बघा, शिक्षक, नर्सेस, प्लंबर! सगळ्यांना एकच जहाज पाहिजे, शनिवारचं!”

जोलीनला हसू आलं नाही. तिची आई, एकसष्ट वर्षांची वर्ना, आठवडाभर एकटी मेक्सिकोला निघाली होती. बेकर्सफील्डच्या शाळेतल्या स्वयंपाकघराबाहेर जी कुठे गेली नाही, ती. आणि कशाच्या जोरावर? एका मालिकेच्या! दोन वर्षं एकही शनिवार चुकला नव्हता. जोलीन सोफ्यावर, तिचा मुलगा टॉबी मांडीवर आणि वर्ना टीव्हीला खेटून भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीत. “मॉम, तिथून दिसतं तरी काय तुला?” जोलीन चिडवायची. “मला हवं ते दिसतं,” वर्ना म्हणायची, आणि शेवटी कोणाचं कोणाशी जुळलं ते जोलीनलाच विचारायची.

“इथे कोणी गोड गोड बोलायला लागलं तर पर्स घट्ट धर,” जोलीन म्हणाली. “सगळेच त्या मालिकेतल्यासारखे नसतात.”

“गोड बोलणारा भेटला तर पर्स कशाला धरू? त्याचा हात धरेन.”

“मॉम!”

“गंमत गं.” वर्नाने अडीच वर्षांच्या टॉबीला कडेवर घेतलं. “ही खिडकी चांगली आहे ना? पलंग फार कडक तर नाही? तू जरा पडून बघ.”

“मी कशाला पडू? दे ती बॅग, गोळ्या आत ठेवते.”

“राहू दे, मी नीट भरलीये…”

पण जोलीनने बॅग उघडली होती. सगळ्यात वर तिचा स्वतःचा पिवळा ड्रेस होता. टॉबीच्या आधीचा, तिचा नवरा रे टेक्सासला निघून जाण्याच्याही आधीचा. त्याखाली तिचा पोहण्याचा पोशाख, तिचे सँडल. ती दाराशी गेली आणि तिने स्वेटर उचलला. चिठ्ठीवर लिहिलं होतं : जोलीन हॅल्वर्सन.

बोळात घंटा वाजली. “पोचवायला आलेल्यांनी खाली उतरावं!”

वर्नाने पर्समधून पाहुण्यांचे दोन पास काढले. एक स्वतःचा, एक टॉबीचा. सकाळी ‘तू मुलाला सांभाळ, मी रांगेत उभी राहते’ असं ती का म्हणाली, ते जोलीनला आता कळलं.

“तुला वेड लागलंय,” जोलीन म्हणाली. “त्याचं कानाचं औषध…”

“फ्रिजमध्ये, वरच्या कप्प्यात. तूच चिठ्ठी चिकटवली आहेस. फ्रिजभर तुझ्याच चिठ्ठ्या आहेत.”

“तो माझ्याशिवाय झोपत नाही!”

“तू त्याच्याशिवाय झोपत नाहीस. मी चार मुलं वाढवली, जोलीन. तीन ठीक निघाली. चौथी दोन वर्षं घराबाहेर एकटी पडलेली नाही.”

वर्ना चालायला लागली. जोलीन तिच्या मागे धावली, ताप, पायऱ्या, द्राक्षं कापून द्यायची, असं काय काय सांगत. गर्दी उतरत होती. शिडीच्या तोंडाशी वर्ना थांबली नाही. जोलीन थांबली. तिचा एक पाय फळीवर होता.

“बाई,” खलाशी म्हणाला, “आत की बाहेर?”

एवढ्यात भोंगा वाजला. आता टॉबी घाबरणार, रडणार! तिने पाहिलं. आजीच्या कडेवरून टॉबी तोंड उघडं टाकून त्या प्रचंड धुराड्याकडे बघत होता. मग तो खिदळला आणि ओरडला, “पुन्हा! पुन्हा!”

जोलीनने पाय मागे घेतला. जहाजावर.

डेकवर कोणीतरी तिच्या हातात कागदी फितीचं भेंडोळं कोंबलं. एक टोक हातात धरून तिने सगळा जोर लावून ते फेकलं. हिरवी फीत उलगडत खाली गेली आणि वर्नाने ती झेलून टोक टॉबीच्या मुठीत दिलं. शेकडो फिती हवेत होत्या. आयोवाचे आजोबा गाणं म्हणत होते, पार बेसूर. जहाज हललं. हिरवी फीत ताणली गेली, आणखी ताणली, आणि तुटली. टॉबी आपला तुकडा झेंड्यासारखा नाचवत होता. जोलीनला वाटलं होतं ती रडेल. ती हसत होती, मोठमोठ्याने.

धक्क्यावर वर्नाही हसत होती. जहाजाकडे, त्या गर्दीकडे तिचं लक्षच नव्हतं. ती एकटक जोलीनचा चेहरा बघत होती, अगदी शनिवारी बघायची तशी.

तेव्हा जोलीनला ती खुर्ची आठवली. टीव्हीला खेटलेली, भिंतीशी टेकलेली. तिथून पडदा दिसतच नव्हता. दिसायचा तो फक्त समोरचा सोफा.