पेटी धुवायचं पाणी

गुंडाप्पानं जंतू मारायची तिन्ही औषधं खिडकीत मांडली आणि पुन्हा एकदा हुंगून बघितली. फिनेल, फॉर्मॅलिनची काळी बाटली आणि गावच्या विहिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर. विहीर आटल्यामुळं पावडरीचा डबा ग्रामपंचायतीत नुसताच पडून होता. तो त्यानं सकाळी मागून आणला होता.

"बाटल्या हुंगून पिल्लं निघत न्हाईत, गुंडाप्पा," दारातून आबाराव म्हणाले. ते कुक्कुटपालन सोसायटीचे चेअरमन, आणि गुंडाप्पा सोसायटीचं अंडी उबवायचं यंत्र सांभाळायचा. फॉर्मॅलिन त्यांनीच सोलापूरहून आणलं होतं. "सगळ्यात जालीम हाय ते मार. ह्या बारीला पिल्लं मेली तर सोसायटीला कुलूप. बाया मला फाडून खातील."

सोसायटीतल्या बाया बाहेर लिंबाखाली बसल्याच होत्या. आज त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या नव्हत्या. प्रत्येकीच्या घरी रिकामं खुराडं होतं. मागच्या दोन खेपांची पिल्लं बेंबी चिघळून मेली होती. पाटीत भरून गुंडाप्पानंच ती गावाबाहेर पुरली होती.

आता ही तिसरी खेप. यंत्रातल्या अंड्यांचे दिवस भरत आले होते. सूर्य मावळायच्या आत ती अंडी खालच्या पेटीत हलवायची होती. पिल्लं कवच फोडून बाहेर येतात ती पेटी. आणि पेटी घाण होती. जाळ्यांना मेलेल्या पिल्लांची लव चिकटलेली, टरफलांचे तुकडे, वाळलेला चिकटा.

"जालीमच मारलं होतं की मागल्या बारीला," गुंडाप्पा म्हणाला. "फिनेल दुप्पट घातलं. घाणीवरच घातलं. औषध घाणीनंच पिलं, आन वासानं पिल्लं गुदमरली ती येगळीच. आधी धुवाय पायजे, साहेब. मग ही पावडर बी पुरंल."

"मग धू की!"

"कशानं?"

आबारावांनी रांजणात डोकावलं. टँकर परवापासून माकणीच्या वाटेवर बंद पडून होता. रांजणाच्या तळाला नुसता गाळ होता.

"आधी कसं धूत होता?" त्यांनी विचारलं, आणि विचारल्याबरोबर मान फिरवली.

पेटी मल्लम्मा धुवायची. गुंडाप्पाची बायको. खेप निघाली की ती जाळ्या घासायची, उन्हात उभ्या करायची. पाणी कुठून आणते, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. ती वारल्यावर दोन खेपा निघाल्या, आणि दोन्ही मेल्या.

बाहेरून रुद्रम्मा आत आली. त्याची शेजारीण, सोसायटीतली सगळ्यात म्हातारी बाई.

"गुंडाप्पा, तुझ्या घरात घागर भरल्याली हाय."

गुंडाप्पानं फिनेलच्या बाटलीचं बूच घट्ट केलं.

"आमी बोलत न्हाय म्हंजी आमाला दिसत न्हाय असं न्हाय. हितं पोरी पाण्यापायी एकमेकींच्या झिंज्या धरत्यात, आन तू भरली घागर झाकून ठिवतोस."

"ती तिनं भरल्याली हाय, आक्का."

"ठाव हाय. म्हणून तर कुणी मागितली न्हाय."

गुंडाप्पानं यंत्र उघडलं. एक अंडं उचलून कानाला लावलं. आत टकटक होती आणि अगदी बारीक चिवचिव. बराच वेळ तो ऐकत राहिला. मग अंडं जागेवर ठेवलं आणि घराकडे गेला.

घागर चुलीजवळ होती. वर पितळी ताटली, ताटलीवर मल्लम्मानं पालथा घातलेला पेला. ती गेल्यापासून त्यानं ताटली उचलली नव्हती. पेला चुलीवरच्या फळीवर ठेवून त्यानं घागर खांद्यावर घेतली.

तो येईपर्यंत बायांनी पत्र्याच्या तुकड्यांनी जाळ्या खरवडून काढल्या होत्या. त्यानं बादलीत पाणी ओतलं. कुबट वास आला. शेवटी तळाचं हिरवं शेवाळ बाहेर पडलं.

"हे तसंच वापरलं तर पुन्ना तीच गत," तो म्हणाला. त्याचा हात पावडरीच्या डब्याकडे गेला आणि थांबला.

"तिच्या हातचं हाय, एक तांब्या बाजूला काढून ठिव की," रुद्रम्मा हळूच म्हणाली.

त्यानं बादलीकडे बघितलं, जाळ्यांकडे बघितलं.

"न्हाय. सगळंच लागतंय."

त्यानं पावडर पाण्यात ढवळली. दवाखान्यात मल्लम्माच्या खाटेखालची फरशी पुसताना यायचा, तसा वास सुटला. आबाराव नाकाला धोतराचा सोगा लावून मागं सरले. गुंडाप्पा मात्र तिथंच उकिडवा बसला. फडकं बुडवून त्यानं पेटी कोपऱ्याकोपऱ्यातून पुसली, मग एकेक जाळी घासली. पिळलेलं पाणी पुन्हा बादलीत न टाकता बाजूला सोडलं. शेवटची जाळी होईस्तोवर बादलीत ओलावाच उरला.

जाळ्या त्यानं बाहेर भिंतीला लावून उभ्या केल्या. मल्लम्मा करायची तशाच, जरा तिरक्या.

"आता तरी जगतील का रं?" आबारावांनी विचारलं.

"म्या काय सांगू, साहेब?"

त्याच्या कोपरांवरून घागरीतलं शेवटचं पाणी ठिबकत होतं. रुद्रम्मानं हात पुसायला पदर पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या, आक्का," तो म्हणाला आणि दोन्ही हात तसेच पुढं धरून उभा राहिला.

ऊन रखरखीत होतं. जाळ्या अजून ओल्याच होत्या. हात मात्र बघता बघता वाळले.