तिसरी हाक

हालापा शहरातल्या आमच्या छोट्या नाट्यगृहात सकाळचं ऊन मागच्या उघड्या दारातून येतं आणि दोरखंडांवर, पडद्याच्या घड्यांवर रेंगाळत सावकाश रंगमंचापर्यंत पोहोचतं. मी तिथला रंगमंच व्यवस्थापक. प्रयोगापूर्वी माइकवरून प्रेक्षकांना तीन हाका द्यायच्या, आणि एक जरी नट जागेवर नसेल तर तिसरी अडवून धरायची, हे माझं काम.

आज शाळकरी मुलांसाठी प्रयोग होता. दोन हाका झाल्या. तिसरीसाठी माइक हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो.

"नेमेसियो, दे की रे हाक," राणीच्या वेषातली हासिंतामावशी कुजबुजली. "पोरं खुर्च्या मोडतील आता, आणि या मुकुटाखाली माझं डोकं शिजतंय. कोण राहिलंय यायचं?"

"दादा."

तिचा चेहरा उतरला. माझ्या भावाचा राजाचा झगा घालून नवा नट केव्हाचा जागेवर उभा होता.

"बाळा," ती हळूच म्हणाली, "मंगळवारी आपणच त्याला माती दिली ना."

मी माइक तोंडाशी नेला आणि तिसरी हाक दिली.

 

कुणीच यायचं राहिलं नव्हतं.