पोटाचा हुक

दोर नाकाच्या हुकाला लावला तर बिनइंजिनाचं ग्लायडर माझ्या विमानामागे मुकाट येतं. पोटाच्या हुकाला लावला तर कधी उसळेल नेम नाही. म्हणून ओढण्याआधी मी विमानातून उतरून स्वतः बघतो. पण आज मागे ग्लायडरमध्ये धाकटा होता. "दादा, नाकालाच लावलाय, चल," तो रेडिओवर म्हणाला. सख्ख्या भावाचा शब्द काय तपासायचा?

झाडांच्या शेंड्यांवर असतानाच ग्लायडर उसळलं. दोराने माझ्या विमानाची शेपटी वर खेचली आणि समोरच्या काचेत नुसती जमीन आली. दोर सोडायचा खटका हाताशी होता. पण सोडला तर धाकटा झाडांत पडेल, म्हणून हात अडला. अगदी शेवटी सोडला. माझ्या चाकांना फांद्या घासल्या.

ग्लायडर वळून धावपट्टीवर उतरलं होतं. मीही उतरलो आणि धावत त्याच्याकडे गेलो. "लागलं का रे कुठे?"

"छे!" तो आरामात पट्टे सोडत होता. दोर अजून पोटाच्या हुकाला लोंबत होता. "नाकाचा बिघडलाय. सांगितलं असतं तर तू ओढलं नसतंस."

मी वाकून दोर हुकातून काढला.

"उगाच घाबरलास, दादा. पोटाच्या हुकाने मागच्याला काही होत नसतं."