तीन वॉरंटांना एक शेअर

"म्हणजे यातल्या तिनांची किंमत त्यातल्या एकाएवढी?" योक सिमने विचारलं.

"बरोबर," वाई किट म्हणाला आणि त्याने रुमालाने मान पुसली. पंखा थेट डोक्यावर होता, तरी त्याला घाम फुटला होता.

गोल टेबलावर त्याने दोन पाकिटं ठेवली होती. एकात तितियान जाया कंपनीच्या एक लाख शेअरांची त्याने लिहिलेली चिठ्ठी, दुसऱ्यात त्याच कंपनीच्या तीन लाख वॉरंटांची. कंपनी रस्ते, पूल आणि पाणीपुरवठ्यात पैसा गुंतवणारी. दोघांच्या म्हाताऱ्या आईने पैसा पैसा करून ही माया जमवली होती आणि आता ती डोळ्यांदेखत दोन मुलांत वाटायची म्हणत होती. तिची अट एकच. थोरला शेअर बाजारातला, तेव्हा वाटे त्याने करायचे. आधी उचलायचं मात्र धाकटीने.

वाटे करणं सोपं होतं. आईच्या खात्याचं मागच्या महिन्याचं पत्रक समोर घेऊन त्याने ते दहा मिनिटांत केले होते. धाकटी कोणता उचलते, यात त्याचा जीव अडकला होता.

इपोह शहरातल्या ज्या दलाली पेढीत तो वीस वर्षं होता, तिथे त्याच्या एका गिऱ्हाइकाने पैसे बुडवून हात वर केले होते आणि भरपाई त्याच्यावर आली होती. उद्या दुपारपर्यंत एक लाख रिंगिटांची सोय झाली नाही तर वाई किटचा परवाना जाणार होता. पेढी शेअर तारण घ्यायला तयार होती. वॉरंटांना ती हातही लावणार नव्हती, कारण त्यांची खरेदी-विक्री गेल्या गुरुवारीच बंद झाली होती. आता शुक्रवारपर्यंत वॉरंटामागे ऐंशी सेन, म्हणजे एकूण दोन लाख चाळीस हजार रोख भरायचे आणि शेअर घ्यायचे. नाहीतर सगळी रद्दी. एवढी रोकड त्याच्याकडे नव्हती. बाजारात सोयाबीनचं मऊ तौफू विकणाऱ्या बहिणीकडे तर कुठून असणार?

हे तिला सांगायला हवं, एवढं त्याला कळत होतं.

"तौफूच्या भाषेत सांग, आ-को," ती म्हणाली. थोरल्या भावाला ती लहानपणापासून अशीच हाक मारायची. "तुझं ते टक्के-बिक्के नको."

"बाजारात शेअर एक रिंगिट वीस सेनला आहे. वॉरंट म्हणजे तोच शेअर ऐंशी सेनला घ्यायचा हक्क. वाचले किती? चाळीस सेन. तीच वॉरंटाची किंमत. तीन वेळा चाळीस, एक वीस. एक मोठी वाटी किंवा तीन लहान, तौफू तेवढंच."

"पण वाट्या जास्त धुवायच्या."

म्हातारी खुदकन हसली. ती पपनस सोलत होती. जाड साल तिने एका बाजूला रचून ठेवली होती.

"मा, तुझी मुदत ठेव होती ना?" वाई किटने सहज विचारल्यासारखं विचारलं. "ती यात दिसत नाही."

"मोडली. पैसे घातले चांगल्या ठिकाणी."

बाबांच्या थडग्याला नवी फरशी बसवायची, असं तिने यंदा पितरांच्या छिंगमिंग पूजेला बोलून दाखवलं होतं. गेले सगळे दगडात, असं त्याच्या मनात आलं आणि तो चरफडला.

तेवढ्यात योक सिमचा हात शेअरांच्या पाकिटाकडे गेला.

"थांब!" तो जरा जोरातच ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "म्हणजे, घाई नको करूस. उद्या शेअर दहा सेन चढला तर एक वीसवर दहाच मिळाले. वॉरंटात चाळीसवर दहा. तिप्पट फायदा! मी तुझ्या जागी असतो तर विचारसुद्धा केला नसता."

"मग तूच घे की."

"आधी तू उचलायचंस. माचं म्हणणं आहे ना तसं."

तिने हात मागे घेतला. "आणि ही वॉरंटं विकता येतात ना?"

त्याने कॉफीचा कप उचलला. कॉफी गार झाली होती. "वॉरंटं विकून लोकांनी घरं बांधली आहेत, आ-सिम," तो म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं.

म्हातारीने सुरी खाली ठेवली. "वाई किट, तिला अजून काही सांगायचं राहिलंय का?"

त्याने बहिणीच्या हातांकडे पाहिलं. रोज पहाटेपासून पाण्यात राहून तिची बोटं चिरली होती. शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले. मग त्याला पेढीतलं आपलं टेबल आठवलं.

"नाही, मा."

"नक्की?"

"किती वेळा विचारशील!"

योक सिम थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने वॉरंटांचं पाकीट उचललं.

तिचं मन बदलायच्या आत त्याने वाटणीचा कागद पुढे केला. दोघांनी सह्या केल्या, म्हातारीने खाली आपली केली. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. लाजही वाटत होती, पण परवाना वाचला होता. लाजेचं पुढे बघता येईल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

"पपनस खा," म्हातारी म्हणाली. तिने हात पुसले, बिस्किटांचा डबा उघडला आणि तळातून एक घडी घातलेला कागद काढून योक सिमला दिला. "हा तुझ्या पाकिटातला."

योक सिमने घडी उघडलीसुद्धा नाही. तिने कागद तसाच भावापुढे सरकवला.

तो कंपनीच्या नोंदणी कार्यालयाचा छापील अर्ज होता. असे अर्ज त्याने आयुष्यात शेकड्यांनी भरले होते. वॉरंटं, तीन लाख. सोबत बँकेचा ड्राफ्ट, दोन लाख चाळीस हजार रिंगिट. त्याबदल्यात द्यायचे साधारण शेअर, तीन लाख. 'मिळाले' असा जांभळा शिक्का, तीन आठवड्यांपूर्वीचा. आणि खाली, अर्ज आणून देणाऱ्याच्या रकान्यात, योक सिमची सही.