६१७४ न येणारी संख्या

"कुठलेही चार अंक घे, फक्त सगळे सारखे नकोत," सर म्हणाले. "मोठ्याकडून लहान असे मांड. मग उलटे मांड. मोठ्यातून लहान वजा कर. उत्तराचं पुन्हा तेच. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येणार आणि मग तिथून हलणार नाही. जी संख्या तिथे पोचत नाही ती शोधून दाखव. मुलगी तुझी."

निवृत्त गणितशिक्षकाला जावई नको असला की तो असा वागतो. आधीची तीन स्थळं याच टेबलावरून पळाली होती. एकाने ४४४४ लिहिले. "सारखे नकोत एवढं कळत नाही आणि संसार करणार!" म्हणून सरांनी त्याला चहाआधीच वाटेला लावलं होतं.

पण बारक्याने घरून निघतानाच ठरवलं होतं, काही झालं तरी आज जागचं उठायचं नाही.

त्याने २००५ लिहिले. ५२०० वजा ००२५, ५१७५. पुढे ५९९४. पुढे ५३५५. सर प्रत्येक वजाबाकी स्वतः तपासत होते. अर्धं गणित सोडून उठणं त्यांना जमत नसे. घरातला नळ फुटला तेव्हाही त्यांनी आधी उत्तर काढलं होतं, तोवर पाय खुर्चीवर घेऊन बसले होते.

सातव्या पायरीला ६१७४ आले.

"पुढची," बारक्या म्हणाला.

त्याचं नशीबच खोटं. निवडलेली जवळजवळ प्रत्येक संख्या पुरत्या सात वजाबाक्या खात होती.

सरांची बायको नवी चप्पल घालून बाहेर आली. मागे मुलगी.

"आम्ही जरा जाऊन येतो."

"या," सर कागदातूनच म्हणाले.

"येते हं बाबा," मुलगी म्हणाली. मग थांबली. "बाबा, येते."

"थांब गं, हातचा घेतोय!"

ती थोडा वेळ थांबली. मग दार लागलं. बारक्याने मान वर केली नाही. घाम मात्र पुसला.

पुढच्या संख्येत त्याने आठातून पाच वजा करून चार लिहिले. तरीही शेवटी ६१७४ च आले.

सर खूश झाले. "बघ! चुकलास तरी येतोस तिथेच!" मग त्यांचा चेहरा बदलला. "पण चुकलास का? पहिल्यापासून कर."

"करतो की, सर."

"चिवट आहेस."

"आमच्या घरात सगळेच तसे आहेत."

ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं. बारक्याची बोटं निळी झाली. सरांचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला, पण तो वर करायलाही त्यांना सवड नव्हती. दुपारच्या जेवणाचा विषय दोघांनीही निघू दिला नाही.

खिशातला फोन थरथरला. बारक्याने वाचलं, पेनला टोपण लावलं आणि उभा राहिला.

"अरे, अजून दोन पायऱ्या राहिल्यात!"

"राहू देत, सर. हरलो."

सर खुर्चीत मागे रेलले. आजवर कुठल्याही वर्गाने त्यांना एवढा आनंद दिला नव्हता. "म्हणजे लग्न रद्द?"

"माझं रद्द, सर. दादाचं आत्ताच लागलं. वहिनी विचारतेय, बाबा जेवायला येणार का?"