दात लागू न देता

नारायण पेठेतल्या देवळात कीर्तन रंगलं होतं. बुवा सांगत होते, "अंड्यातून पिल्लांची हाक आली, की मगर धावत येऊन वाळू उकरते. एकेक पिल्लू जबड्यात धरून पाण्यात नेते, पण दात लागू देत नाही. नर की मादी, ती माउली विचारत नाही हो!"

यमुनाबाईंनी पदराने डोळे पुसले. "ऐकलंस ना शर्मिला? मुक्या जनावराची माया!"

पेठेत नव्याने आलेल्या मशीनवर कालच त्यांच्या सुनेची सोनोग्राफी झाली होती. ती समईकडे बघत राहिली.

आरतीनंतर यमुनाबाईंनी तिच्या हातावर खिरापत ठेवली.

"आत्ताच खाऊन घे गं. उद्या उपाशीपोटी बोलावलंय डॉक्टरांनी. पुढच्या खेपेला मुलगाच होईल, बघ."