बिनशिट्टीची टीम

वसमतच्या एका कॉलेजची मुलींची फुटबॉल टीम तीन वर्षांत एकदाही हरली नव्हती. बाकीचे कोच गुपित विचारायचे, तेव्हा अपर्णा मॅडम अभिमानानं सांगायच्या, "मला शिट्टीसुद्धा वाजवावी लागत नाही. अंगात ताप असला तरी पोरी आपल्या मनानं पहाटे मैदानावर हजर!"

आज फायनलला टीम पेनल्टीवर हरली. गोलकीपर शितल गोलपोस्टला धरून हमसून हमसून रडत होती. मॅडमनी तिला जवळ घेतलं. "वेडी का गं तू? पुढच्या वर्षी जिंकू की!"

"पुढच्या वर्षी मी न्हाई, मॅडम. माजा बापू म्हणला व्हता, जिंकशील तवर खेळ, हरलीस की लगीन."

मैदानाकडेला ठेवलेल्या बॅगांमधून एकेकीचा घरून आलेला फोन वाजायला लागला. उचलायला एकही पोरगी उठली नाही.